साडेसात मात्रांची मंडळी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. लाकडाचं काम चालू असलं की खाली भुसा पडतोच, तसे ते पडत राहतात. एखाद्या दिवशी झाडायला घ्यावं तर पोतं भरतं! आमचं तसंच झालंय. गाण्यांची नावं विसरतो, बँडची नावं तर जिभेवर चढतच नाहीत. पण कुठला अल्बम ऐकताना काय झालं, ते मात्र चौघांनाही पाठ.

चौघं म्हणजे इरफान, वैशाली, हवालदार आणि मी. इरफान मिरजेत वडिलांबरोबर तंबोरे आणि सतारी बनवतो. त्याच्या कारखान्यात रविवारी दुपारी आम्ही जमतो. आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेले असतात, खिडकीतून ऊन येतं, त्या उन्हात लाकडाची धूळ तरंगत असते. आणि त्या सगळ्यात आम्ही मेटल ऐकतो! करकरीत विजेच्या गिटारी, गाणारा गुरगुरणारा. नाहीतर मॅथ रॉक. त्यात गाणाराच नसतो, गिटारी एकमेकींना गणितं घालत बसतात. आणि हे सगळं 'अंडरग्राउंड', म्हणजे वाजवणारे तिघं आणि ऐकणारे आम्ही चौघं!

०

हवालदारांची ओळख झाली ती एमआरआयच्या मशीनमध्ये.

मी मूळचा साताऱ्याचा, पण मिरजेत एका दवाखान्यात एमआरआयचा टेक्निशियन आहे. मशीनचा आवाज भयंकर. टकटक, घर्रर्र, मग अचानक हातोडे पडल्यासारखे ठोके. भले भले घाबरतात. म्हणून पेशंटच्या हातात एक रबरी चेंडू देतो. सहन झालं नाही की दाबायचा.

धनाजी हवालदार फौजेतून नुकतेच निवृत्त होऊन इस्लामपूरजवळच्या गावी ऊस बघायला लागले होते. कंबर धरली म्हणून आले. आत सरकवलं, मशीन सुरू केलं. माणूस दगडासारखा निश्चल. फौजी तो फौजी! पण चौथ्या-पाचव्या मिनिटाला काचेतून बघतो तर उजव्या पायाचा अंगठा हलतोय.

मी माइकवर म्हटलं, "काका, पाय हलवू नका."

आतून आवाज आला, "आवं, हलत न्हाई. ताल धरलाय."

थोड्या वेळानं बघतो तर अख्खं पाऊल! म्हटलं, "आता हा भाग परत घ्यावा लागणार बघा."

"घ्या की! त्योच लय भारी व्हता."

बाहेर आल्यावर कंबरेचं काय निघालं हे त्यांनी विचारलंच नाही. बूट घालता घालता म्हणाले, "डॉक्टर, ह्ये मोबाईलवर मिळंल का?"

मी डॉक्टर नाही. हे त्यांना शंभरदा सांगून झालंय. पण त्या दिवशी मी हळूच दार लोटलं, खिशातनं फोन काढला, आणि अगदी तसाच सुरू होणारा एक अल्बम त्यांना लावून दिला. हवालदार खुर्चीवर बसले आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी गावाकडची खुशाली सांगतंय. पुढचा पेशंट बाहेर ताटकळत होता. मी त्यांना उठा म्हणू शकलो नाही.

०

इरफानच्या वडिलांना आम्ही सगळे अब्बाच म्हणतो. सत्तरी ओलांडली तरी हात स्थिर. त्यांचं काम जवारीचं. तंबोऱ्याची तार ज्या हाडाच्या घोडीवरून जाते, ती घोडी ते कानशीनं घासतात. केसाएवढं घासलं की सूर उघडतो, केसाएवढं जास्त झालं की बिघडतो. हे काम चालू असताना कारखान्यात कुणी खोकतसुद्धा नाही.

तेव्हा अब्बा असताना आम्ही आवाज अगदी बारीक ठेवायचो. एका रविवारी ते नमाजाला गेले म्हणून इरफाननं नवीन सापडलेला अल्बम मोठ्यानं लावला. त्यात तिघं जण मिळून एकच सूर धरतात. वीस-बावीस मिनिटं, एकच! स्पीकर फाटेल असा खर्जातला सूर. भोपळे हलायला लागले.

आणि दारात अब्बा.

इरफान स्पीकरकडं धावला. अब्बा म्हणाले, "राहू दे."

मग ते आपल्या जागी बसले. डोळे मिटले. पाच मिनिटांनी त्यांनी विचारलं, "जवारी कुणी केलीय?"

"अब्बा, गिटार आहे ती. तिला जवारी नसते. मशीन लावून आवाज फाडतात."

"फाडत न्हाईत बेटा. उघडतात."

तीस वर्षांत अब्बांनी इरफानच्या कुठल्या कामाला एवढं म्हटलं नव्हतं!

तेवढ्यात गाणं संपलं. मी पुढचं लावायला हात केला, तर अब्बांनी बोट वर केलं. "श्श. आता ऐका."

भिंतीला तयार तंबोरे ओळीनं टेकवून ठेवले होते. कुणी हात लावला नव्हता. पण त्या खर्जानं जागे होऊन ते सगळे, अगदी हळू, आपले आपण गुणगुणत होते.

०

वैशाली कवठे महांकाळजवळच्या एका शाळेत गणित शिकवते. घरातली जुनी माणसं मेंढरं राखणारी, आता थोडी शेती. शाळेची पेटी दुरुस्तीला टाकली होती, ती न्यायला ती कारखान्यात आली. आम्ही नेमके भांडत होतो. एका मॅथ रॉक अल्बमातल्या पहिल्याच गाण्याच्या मात्रा किती, यावर तीन आठवडे वाद चालला होता. इरफान म्हणे सोळा, मी म्हणे चौदा. हवालदार म्हणे, "मोजताय कशाला, मजा येतीया न्हवं?"

ही बाई पेटीच्या झाकणावर बोटं वाजवत उभी. गाणं संपल्यावर शांतपणे म्हणाली, "साडेसात."

"काय साडेसात?"

"मात्रा. दोनदा घेतल्या की पंधरा. म्हणून तुमचा पाय दर वेळी उलटा पडतोय."

मोजून बघितलं. पंधरा!

"तुम्हाला हे कसं कळलं?" इरफाननं विचारलं.

"ढोलाच्या घरात वाढलेय मी. ताल चुकला की मामा कान धरायचा." पेटी उचलली, दोन पावलं गेली, परत आली. "अजून आहे का असलं काही?"

त्या दिवशी पेटी एकटीच गेली. टेंपोनं. मॅडम संध्याकाळच्या एसटीपर्यंत बसून होत्या.

पुढं तिनं ते वर्गात नेलं. लसावि शिकवायचा होता. एका अल्बमात एक गिटार पाच मात्रांनी घरी येते, दुसरी सात मात्रांनी. दोघी एकदम घरी कधी येतात? पस्तिसाव्या मात्रेला. झाला की लसावि! तिनं गाणं लावून अर्ध्या वर्गाला दर पाचव्या मात्रेवर टाळी दिली, अर्ध्याला सातव्या.

चोविसाव्या मात्रेला शिक्षण खात्याचे साहेब दारात. नियमानं सगळ्या वर्गानं उठून उभं राहायचं. कुणी उठेना!

"काय चाललंय इथं?" साहेब गरजले.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं टाळी न मोडता सांगितलं, "सर, थांबा. अकरा राहिल्यात."

आणि साहेब थांबले! अकरा मात्रा दारात उभे. पस्तिसाव्याला सगळ्या वर्गाची एकच टाळी पडली, तेव्हा ते दचकून मागं सरले.

शेरेबुकात त्यांनी लिहिलं, 'गणित चांगले. आवाज जास्त.' पण वैशाली सांगते, गाडीत बसून फाटकाबाहेर पडेपर्यंत साहेबांची बोटं दारावर वाजत होती. "पाचाचीच," ती म्हणते. "सातापर्यंत नाही पोचले."

०

वैशालीच्या त्या पहिल्या दिवसावरून आम्ही आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव 'साडेसात' ठेवलं. साताऱ्याला गेलो असताना माझ्या फोनवर ते आईला दिसलं. चष्मा नव्हता. तिनं 'साडेसाती' वाचलं आणि शनिवारी मारुतीला तेल घालून आली! मला काही बोलली नाही. फक्त रात्रीच्या जेवणात माझ्या पानात तूप जरा जास्त पडलं.

पण खरा किस्सा पुढचा. वडील गेल्यापासून आईची झोप उडाली होती. दुपारी पडायची, छताकडं बघायची. गोळ्या झाल्या, पायाला तेल लावून झालं, जायफळ उगाळून झालं. ती तक्रार करायची नाही, म्हणून मला जास्त त्रास व्हायचा.

एकदा दुपारी मी शेजारच्या खोलीत एक ब्लॅक मेटलचा अल्बम ऐकत होतो. ड्रमवाल्याचे दोन्ही पाय अखंड चालू, गिटारींचा एकसारखा घरघराट, गाणारा लांब कुठंतरी दरीत ओरडल्यासारखा. हेडफोनची वायर निघाली होती, ते माझ्या लक्षात आलं नाही. सगळं घर गरजत होतं!

लक्षात आलं तेव्हा धावत आईच्या खोलीत गेलो. म्हटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

आई झोपली होती. कुशीवर, हात गालाखाली, लहान मुलीसारखी. श्वास संथ. मी दारात उभा राहिलो. किती महिन्यांनी तिचा असा चेहरा बघत होतो! गाणं अठरा मिनिटांचं होतं. मी मनात म्हणत होतो, संपू नको. संपू नको.

पण संपलं. एकदम शांतता झाली. आणि आई दचकून उठून बसली, पदर सावरला आणि विचारलं,

"दळण झालं?"

तिच्या माहेरी घराला लागून पिठाची गिरणी होती. हे मला तेव्हा कळलं. आता दुपारी ती स्वतः फोन करते. "ती तुझी गिरणी पाठव रे. मागच्या वेळची बाजरीची होती वाटतं, फार भरड होती. जरा गव्हाची बघ."

०

नवे अल्बम शोधायचं काम इरफानचं. इंटरनेटवर लोक वरचं बघतात, हा पार तळाला जातो. जिथं कुणी पाऊल टाकलेलं नाही तिथं. असंच त्याला नॉर्वेच्या पार उत्तरेकडचे दोन भाऊ सापडले. हिवाळ्यात तिथं सूर्य उगवतच नाही. घराच्या तळघरात दोघं वाजवतात आणि थोड्याशा कॅसेटी काढतात. अल्बम असा, की ऐकताना बर्फावरून कुणी लांब चालत गेल्यासारखं वाटतं, आणि चालणारे आपणच असतो.

कॅसेट मागवायची ठरलं. वैशालीनं इंग्रजीत पत्र लिहिलं. आम्ही कोण, कुठं बसतो, भोपळ्यांखाली ऐकताना कसं वाटतं, सगळं.

हवालदार म्हणाले, "मोकळ्या हातानं पत्र धाडायचं? बरं दिसत न्हाई ते."

त्यांनी घरच्या रानातली हळद दळून आणली. किलोभर! वैशालीनं कवठे महांकाळचे बेदाणे घातले. पत्रात खाली लिहिलं, 'ही हळद. आमच्याकडे भाजीत, जखमेवर, सर्दीवर आणि लग्नात वापरतात.'

महिने गेले. आम्ही विसरूनही गेलो. मग एक दिवस पोस्टमन आला. पाकीट दोन बोटांनी लांब धरलेलं. "काय मागवलंय? पिशवी सगळी पिवळी झाली."

कॅसेटचं मूळ कव्हर काळं-पांढरं होतं, बर्फाचा डोंगर. हे पिवळंधमक! हातानं रंगवलेलं, बोटांचे ठसे दिसत होते. उघडल्याबरोबर कारखानाभर हळदीचा वास. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'इथे बरेच दिवस सूर्य नाही. तुमचा डबा उघडला आणि आईला वाटलं खिडकी उघडली. स्वयंपाकात किती घालायची ते कळेना. म्हणून नवीन सगळ्या कॅसेटी रंगवल्या. बेदाणे वाटेतच संपले, पोस्टातून घरी येईपर्यंत.'

वैशालीनं वाचून दाखवलं. अब्बांनी कॅसेट हातात घेतली, वास घेतला, परत दिली.

शेवटी हवालदार म्हणाले, "पोरास्नी हळद तर लागली. आता लगीन कवा?"

वैशालीनं तेही जसंच्या तसं भाषांतर करून कळवलं. उत्तर एका ओळीचं आलं.

'जूनमध्ये. थोरल्याचं.'

०

आणि हा हवालदारांचा.

इतके दिवस आम्हाला एवढंच माहीत होतं की त्यांना ही सवय फौजेत लागली. कशी, ते कधी बोलले नव्हते. एका रविवारी इरफाननं नवीन सापडलेला एक अल्बम काढला. कव्हरवर उतारावरची पत्र्याची घरं आणि खाली उतरलेले ढग. शब्द नाहीत, नुसत्या दोन गिटारी. इरफान म्हणाला, "हवालदार, हे तुम्ही आधी ऐका," आणि मोठे हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले.

पहिल्याच सुरावर हवालदार ताठ झाले. मग त्यांचा हात उजव्या कानाकडं गेला, काहीतरी चावल्यासारखा.

"ह्यो कोन?"

"कोण कोण?"

"ह्यो! हिकडचा! उजवीकडचा!" हेडफोन काढून त्यांनी आमच्याकडं बघितलं. "ह्यो उत्तर देतोय रं!"

मग त्यांनी सांगितलं. बर्फातल्या एका चौकीवर दोन हिवाळे ते आणि थांगा नावाचा आयझॉलचा जवान एकत्र होते. ह्यांना त्याची भाषा येत नव्हती, त्याला ह्यांची. हिंदी दोघांचीही मोडकी. थांगाच्या फोनमध्ये त्याच्या चुलतभावाच्या बँडचा हा एकच अल्बम होता आणि दोघांत इअरफोन एकच. ड्यूटी संपली की दोघं शेकोटीला टेकून बसायचे. डावं टोक हवालदारांच्या कानात, उजवं थांगाच्या. दोन वर्षं, रोज. मग बदल्या झाल्या. थांगाचा फोन नदीत पडला, बँड मोडला, अल्बम गेला. दिवाळीला आणि नाताळला दोघांचे मेसेज तेवढे राहिले.

"चौथ्या गान्यात एका जाग्याला मला हमखास हसू यायचं," हवालदार म्हणाले. "थांगा माझ्याकडं बघायचा. 'क्या हुआ?' म्हनायचा. मला वाटायचं, गड्याला कळत कसं न्हाई? आन त्यो मदीच डोळं मिटायचा, तवा मला कायच ऐकू येत नसायचं. म्या म्हनायचो, झोपला."

एका गिटारीचा आवाज सगळा डावीकडं होता आणि दुसरीचा सगळा उजवीकडं. दोन वर्षं दोघांनी अर्धा अर्धा अल्बम ऐकला होता.

मी म्हटलं, "हवालदार, आता दोन्ही कानांनी पुरा ऐका."

"न्हाई. डावं मला पाठ हाय."

त्यांनी खिशातनं फोन काढला. नंबर लावला, स्पीकर चालू केला. तिकडून कुणीतरी मोठ्यानं हसून "धना भाई!" म्हणालं. हवालदार म्हणाले, "कुछ मत बोल. सुन."

हेडफोनची उजवी बाजू त्यांनी आपल्या उजव्या कानावर ठेवली. डावी बाजू बाहेर काढून फोनवर दाबून धरली. इरफाननं अल्बम पहिल्यापासून लावला.

आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. अब्बांनी कानस खाली ठेवली. वैशालीची बोटं मांडीवर होती, पण हलत नव्हती. खिडकीतलं ऊन भोपळ्यांवरून सरकत भिंतीवर गेलं. दुसरं गाणं सुरू झाल्यावर कधीतरी हवालदारांचे डोळे मिटले, आणि बराच वेळ मिटलेलेच राहिले. फोनमध्ये लांब कुठंतरी कोंबडा आरवला.

इरफाननं चार बोटं वर केली. चौथं गाणं.

थोड्या वेळानं फोनमधून हसू आलं. आधी दबकं, मग मोकळं, खदखदून, आणि मग थांगाचा आवाज.

"अच्छा! तो तू यहाँ हँसता था!"